टोक हलेना

पडद्यावर.

हृदय मडक्यासारखं फुगलेलं. वरचा भाग जोरात आवळतोय, टोक मात्र ढिम्म. घोरपडबाईंनी सोनोग्राफीचा दांडा फिरवून दुसऱ्या कोनातून पाहिलं. ढिम्म ते ढिम्मच.

(घोरपडबाई हे अतिदक्षता विभागातल्या पोरांनी ठेवलेलं नाव. एकदा धरलं की सोडत नाहीत, म्हणून. बाई हृदयाच्या डॉक्टर. नाव त्यांना ठाऊक आहे, आवडतंही.)

खाटेवर तरुण मुलगी. जिन्यावरून पडली, मेंदू गेला, तो कायमचाच. भावानं तिचं हृदय द्यायला होकार दिलाय.

फोनवर.

दुसऱ्या गावातले सर. हृदय बसवणार ते. बाई त्यांच्याच हाताखाली शिकल्या.

"अगं, हे काय पाठवलंयस? निम्मंही काम करत नाहीये. नको मला."

"सर, रक्तवाहिन्या लख्ख आहेत. मेंदू जाताना शरीरानं अ‍ॅड्रेनलिनचा नुसता पूर सोडला. त्या माऱ्यानं स्नायू बधिर झालाय. मेलेला नाही."

"आणि मेलेला निघाला तर? माझा पेशंट, तो शिंपी, टेबलावरच जायचा!"

"संध्याकाळपर्यंत फक्त 'नाही' म्हणू नका."

"तो सकाळपासून विचारतोय, 'डॉक्टर, माप घेतलंत का?' त्याचं स्वतःचं आठवडाभर तरी टिकेल का, देव जाणे."

"म्हणूनच म्हणतेय."

"भारी हट्टी आहेस."

"तुमच्याकडेच शिकले. फी भरून."

बाकावर.

भाऊ. त्याला कुणीतरी सांगून टाकलं होतं, हृदय खराब निघालं म्हणून.

"खराब कसं असेल, मॅडम? पोहायची ती. मी काठावर धापा टाकत बसायचो, आणि ही पलीकडून वाकुल्या दाखवायची."

"खराब नाही. हादरलंय. मोठा धक्का बसला की माणूस मटकन खाली बसतो ना, तसं बसलंय."

"उठेल?"

खोटं बोलणं इथे सोपं होतं.

"बहुतेक. संध्याकाळी कळेल."

मधेच.

चूक होते ती इथेच. मेंदू गेल्या गेल्या काढलेलं पहिलं चित्र बघायचं, नाक मुरडायचं आणि चांगलंचुंगलं हृदय मातीत घालायचं. वर रक्तदाब टिकावा म्हणून अ‍ॅड्रेनलिनच्याच जातीचं उत्तेजक औषध चालू ठेवायचं. म्हणजे घाबरलेल्याच्या कानाशी आणखी ढोल बडवायचा.

बाईंनी उत्तेजक हळूहळू उतरवत नेलं, त्याच्या जागी दुसरं सौम्य औषध लावलं. रक्तदाब डगमगला. पोरं बाईंच्या तोंडाकडे बघायला लागली.

"माझ्याकडे काय बघता? मॉनिटरकडे बघा."

सावरला.

दुपार.

काही नाही. वाट बघणं हेच औषध होतं.

पुन्हा पडद्यावर.

ऊन कललं होतं. टोक आळसावल्यासारखं हललं. पुढच्या ठोक्याला जरा जास्त. मग आणखी वेळानं पाहिलं तर नीट, आत, मूठ वळावी तसं.

बाईंनी चित्रफीत पाठवली. सोबत एक अक्षर नाही.

फोन लगेच वाजला. "हे त्याच पोरीचं?"

"सर!"

"बरं बरं. माणसं निघाली माझी. शिंप्याला सांगतो, माप जुळलं."

बाई भावाला आत घेऊन आल्या. तो आधी बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, मग पडद्याकडे.

"हे तिचं?"

"तिचंच."

त्यानं दोन्ही हात खाटेच्या कठड्यावर घट्ट रोवले.

"झकास चाललंय," तो म्हणाला. "नेऊ द्या त्यांना. उशीर नका करू."