मी होडी नाही, बडगी!

मी बडगी बोलतेय. होडी नव्हे, बडगी! अहो, भरीत ठेचायचं लाकडी भांडं. दोन्ही टोकांना निमुळती आणि मधे खोल आहे, एवढ्यावरून मला होडी म्हणणार असाल तर मग केळ्यालाही होडी म्हणा.

माझा जन्म रावेरचा. योगराज सुतारानं सागाच्या ओंडक्यातून मला कोरलं आणि लताबाईच्या लग्नात तिच्या आईनं मला आंदण दिलं. तिच्याबरोबर मीही सोनगीरला सासरी आले. थंडीत शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या, हिरवी वांगी भाजायची आणि माझ्यात लसूण-मिरचीबरोबर मुसळीनं ठेचायची. ठेचता ठेचता लताबाई माहेरची गाणी गुणगुणायची. घरात नवा खलबत्ता आला तेव्हा तिनं साफ सांगितलं, "तो ऱ्हाऊ द्या. हाई मनी मायनी शे."

तिचा मुलगा भूपेंद्र मुंबईत नोकरीला. यंदा तिथे समुद्रकाठी महोत्सव भरला, परदेशांतून शिडांची उंचच उंच जहाजं आली. भूपेंद्रनं आईला तिथे भरिताचा स्टॉल मिळवून दिला. डोक्यावर वांग्यांचं पोतं, काखेत मी, अशी लताबाई पोचली. समुद्र तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिला. "ओ मायवं! बठ्ठं पाणीच पाणी शे!"

सकाळचं भरीत हातोहात संपलं. लताबाई भांडी विसळायला गेली, स्टॉलवर भूपेंद्र एकटाच होता, तेवढ्यात कार्यक्रमवाल्यांची एक बाई आली. मला उलटंपालटं करून म्हणाली, "किती गोड! तापीतली जुनी होडी ना? संध्याकाळी जहाजाच्या कप्तानाला हीच भेट देऊ. तुमच्या हातून, स्टेजवर."

मी काय आहे ते भूपेंद्रला पक्कं ठाऊक होतं. माझ्यातलंच भरीत खाऊन हा एवढा वाढला! पण स्टेज म्हटल्यावर गडी पाघळला. "हो, होडीच ती," म्हणाला. आग लागो त्या स्टेजला! वर आईला गोड बोलून पटवलं, "माय, तू नूतनबरोबर जहाज देखी ये. स्टॉल मी संभाळस." भाबडी बाई सुनेचा हात धरून निघाली.

ती तिकडे जहाजावर मान वर करून शिडं बघत होती आणि इकडे मंडपामागे माझ्या पोटात ड्रिल घुसत होतं. मुसळीनं झिजून गुळगुळीत झालेला माझा खळगा, त्यालाच आरपार भोक! त्यात काठी रोवली, कापडाचं शीड लावलं, अंगभर निळा ऑइलपेंट फासला. मिरचीचा वाससुद्धा रंगाखाली गेला. मी पडले लाकूड, ओरडणार कशी?

परत येऊन लताबाई बघते तो स्टॉलवर मिक्सर. "मनी बडगी कोठे शे?" नूतनला काहीच माहीत नव्हतं. तेवढ्यात माइकवर आवाज घुमला, "आणि आता, खान्देशची पारंपरिक होडी!" स्टेजवर कोट घातलेला भूपेंद्र आणि त्याच्या हातात मी. निळी झाले होते, तरी काठाच्या उडालेल्या टवक्यावरून तिनं मला ओळखलं.

पदर खोचून ती थेट वर चढली. कप्तानानं हात पुढे केले होते, पण तिनं त्याआधीच पोराच्या हातून मला हिसकावलं.

"हाई नाव नही शे! मनी मायनी बडगी शे! कोणले ईचारीसन दिनी?"

"माय, लोके देखी ऱ्हायनात..."

"देखू दे! तुनी मायले जहाज दाखाडीसन तिनी मायनी वस्तू देस का तू?"

माइक चालूच होता.

आता मी सोनगीरला आहे. शीड तिनं त्याच दिवशी उपटून फेकलं. काचेच्या तुकड्यानं ती रोज माझा रंग खरवडते, पण पोटातल्या भोकाचं काय करणार? भरीत हल्ली मिक्सरमध्ये होतं. तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी जुनी काळवंडलेली असेल, तर बाबांनो, ती कुणाला देण्याआधी तिला रोज हाताळणारीला विचारा. आणि मला होडी म्हणू नका, तेवढं मला सोसत नाही.

परवा भूपेंद्र आला होता. पहिला घास खाऊन म्हणाला, "माय, भरीतले ती चव नही ऊनी."

लताबाई उठली. मला उचलून तिनं त्याच्या ताटाशेजारी ठेवलं आणि भोकावर बोट टेकवलं.

"या भोकमाईन गई ती," म्हणाली. "खाय आते."