दात खाणारा माणूस

"खातात का हो हे?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं आणि माझं डोकंच फिरलं.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तक्रारीच्या खिडकीत या माणसाने उभी हयात काढली. पैशाचं सोडा, कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. मी फणकाऱ्याने म्हटलं, "त्यांच्या खात्यात दुसरे कुणी खात असतील. आमच्या ह्यांनी दमडीसुद्धा खाल्लेली नाही."

हे खुर्चीत आडवे. तोंडात आरसा असल्यामुळे नुसतेच आँ-आँ करत होते. डॉक्टरीणबाई माझ्या भाचीच्या वयाच्या. हसू दाबत म्हणाल्या, "दात हो काकू. झोपेत दात खातात का?"

ते होय! ते तर लग्न झाल्यापासून खातायत. नवी नवरी असताना मला वाटलं, उशाशी कुणी खडी भरडतंय. सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी जंताचं औषध हातात ठेवलं. जंत असलेच तर बिचारे कधीच गेले असतील, दात खाणं काही गेलं नाही. आता मात्र जांभई दिली की कानापाशी कट् वाजायचं आणि जबडा अडकून बसायचा. हे आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन थेंब घालून आले. कान ठणठणीत निघाला. दुखत होता तो कानापुढचा जबड्याचा सांधा, आणि मागच्या दाढा झिजून पार सपाट झालेल्या.

दिवसभर काय करतात, असं डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर मी खरं तेच सांगितलं. शिव्या खातात. खिडकीबाहेरून लोकांच्या आणि आतून साहेबांच्या. आणि दोघांनाही एकच उत्तर देतात, "हो, बघतो." कचेरीत सगळे ह्यांना 'होबघतो'च म्हणतात.

मग तोंडात गारगार लगदा भरून दातांचा साचा घेतला आणि आठवड्याने वरच्या दातांवर बसणारी काचेसारखी पट्टी आली. तिला म्हणे स्प्लिंट म्हणायचं. तिच्यामुळे सवय जाईलच असं नाही, पण दात झिजायचे वाचतील आणि सांध्याला विसावा मिळेल. काही दिवस जेवण सोडून सतत घालायची, मग फक्त झोपताना. शिवाय एक मंत्र दिला: ओठ मिटलेले, दात सुटे. मी म्हटलं, ओठांची काळजी नको, ते जन्मभर मिटलेलेच आहेत. तेवढं दातांचं शिकवा.

पण मुहूर्त चुकला. त्याच आठवड्यात ह्यांची निवृत्ती होती.

त्याचं असं आहे. भर रस्त्यात एकदा मोठी जलवाहिनी फुटली होती. साहेबांनी भलतीच चावी बंद करायला लावली, पाणी लोकांच्या घरात शिरलं, आणि जमावासमोर साहेबांनी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. हे "हो, बघतो" म्हणाले. घरी येऊन जेवले नाहीत. उशीत तोंड खुपसून रडले. तोंड वर केलं तेव्हा मला म्हणाले, "निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगणार. साहेब, तुम्ही मला रडवलंत. एवढं एक वाक्य बोललो की सुटलो." त्या वाक्याची वाट ह्यांनी पाहिली तशी मीही पाहिली. खोटं कशाला बोलू?

आणि आता तोंडात ही पट्टी. तिच्यापुढे 'र'चं काही चालेना. ह्यांनी आरशासमोर सराव केला तर गुळण्या केल्यासारखा आवाज. मी म्हटलं, घटकाभर काढा की. काढली, "साहेब" म्हणाले आणि कट्! जबडा तिथेच. गाल शेकून शेकून कसाबसा मिटला. म्हणजे पट्टी घालूनच बोलणं आलं.

समारंभात आधी साहेब बोलले, बरंचसं स्वतःबद्दल. मग हे उठले. पुष्पगुच्छ हातातच.

"शाहेब, तुम्ही मला घ्डवलंत."

पहिल्या रांगेतल्या टंकलेखिका बाईंनी डोळ्याला रुमाल लावला. "घडवलंत म्हणाले हो," असं शेजारणीला म्हणत त्यांनी टाळी वाजवली, आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. ह्यांनी मान जोरजोरात हलवली. लोकांना तो विनय वाटला. ह्यांनी पुन्हा तेच वाक्य घसा फोडून म्हटलं. टाळ्या आणखी वाढल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

साहेब उठून आले. हा माणूस कधी कुणाशी धड हसलेला मी पाहिला नव्हता. त्यांचे डोळे चक्क भरले होते. ह्यांचा हात धरून म्हणाले, "मला असं आजवर कुणीच म्हणालं नाही. मला वाटायचं, तुमचा माझ्यावर दात आहे."

ह्यांनी हात सोडवला आणि खिशातून पट्टीची डबी काढली. अंगठा पट्टीच्या कडेखाली गेला. आता जबडा मोडला तरी बेहत्तर, 'र' स्वच्छ येणार होता. ह्यांनी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान डोलावली, म्हणजे बोलाच.

ह्यांनी अंगठ्याने पट्टी नीट बसवली, डबी खिशात टाकली आणि म्हणाले, "हो, बघतो."

सगळे हसले. साहेबसुद्धा.

रिक्षात मी धुमसत होते. एवढी संधी मातीत घातलीत, म्हटलं. हे शांतपणे बाहेर रस्त्याकडे बघत होते.

"म्हटलं की. दोनदा म्हटलं," ते म्हणाले. "ऐकणाऱ्याच्या कानांना मी काय करू? तुला कळलं ना?"

"मला कळलं."

"मग झालं."

घरी येऊन चहासाठी पट्टी काढली ती पाण्याच्या वाटीतच राहिली. हे आरामखुर्चीत टेकले आणि पुष्पगुच्छ मांडीवर तसाच ठेवून झोपी गेले. भर दुपारी झोपलेलं मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंची ताकीद आठवून मी पट्टी धुऊन उठवायला गेले, आणि खुर्चीपाशी थबकले. कान देऊन ऐकलं. काहीच नाही. कानापुढे गालावर हलकेच बोट टेकवलं. दगडासारखी टणक असायची ती जागा मऊ लागली. ओठ मिटलेले, दात सुटे.

मी पट्टी पुन्हा पाण्यात सोडली. मोरीत भांडी पडली होती. आवाज होईल म्हणून ती तशीच राहू दिली.