लाल टोकाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. शिवणाची नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण एकदा एका नव्या शिपायाने सदऱ्याचं बटण लावायला मला बाहेर काढलं होतं. मी चुंबकसूची. पितळेच्या गोल डबीत, काचेखाली, एका बारीक टोकावर तोल सांभाळून बसलेली असते. माझं अर्धं अंग लाल आहे आणि अर्धं साधं पोलादी. लाल टोक उत्तर दाखवतं. निदान दाखवायला हवं. असं का म्हणते, ते सांगायलाच आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म एका घड्याळजीच्या कारखान्यात झाला. त्याने स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी कापली, लालबुंद तापवली आणि एकदम गार पाण्यात बुडवली. जीव नुसता चर्रर झाला! मग एक मोठं चुंबक त्याने माझ्या अंगावरून एकाच दिशेने पुन्हा पुन्हा फिरवलं. शेवटी मला टोकावर ठेवून तो हात बाजूला घेऊन थांबला. मी थरथरले, दोनचार हेलकावे घेतले आणि उत्तरेकडे तोंड करून उभी राहिले. "जमलं गं बाई," एवढंच तो म्हणाला. त्या तीन शब्दांवर मी पुढची कित्येक वर्षं काढली.

तिथून मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत आले. लांबट खोली, उत्तरेच्या भिंतीवर फळा, त्याच्या समोरच्या भिंतीत दार, आणि पूर्वेला तीन मोठ्या खिडक्या. फळा उत्तरेला असल्यामुळे माझं लाल टोक कायम फळ्याकडे असायचं. मी अभ्यासात फार लक्ष घालते, असा पुष्कळांचा समज होता आणि तो मी कधी मोडला नाही.

पदार्थविज्ञानाच्या बाई दर वर्षी मला टेबलावर मांडून आमच्या घराण्याची गोष्ट सांगत. मी ती इतक्यांदा ऐकली आहे की मला तोंडपाठ आहे. पूर्वी म्हणे वीज आणि चुंबक यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं फार थोड्यांना वाटे. भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी, पण बोलणं नाही. मग दोनशे वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने व्याख्यान देता देता तारेतून वीज सोडली, आणि शेजारी ठेवलेली चुंबकसूची हलली. "अगदी थोडीशी हलली हं," बाई बोटांनी दाखवत. "समोर बसलेल्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पण प्राध्यापकाला वाटलं. सुई का हलली, हे त्याच्या डोक्यातून जाईना."

ती हलणारी सुई माझी पणजी-खापरपणजी कोणीतरी असणार, असं मी मनाशी धरून चालते. पुढे पुस्तकं बांधायचं काम शिकलेल्या एका माणसाने ते चक्र उलटं फिरवलं. त्याला गणित फारसं येत नव्हतं, पण पाहण्याचा कंटाळा नव्हता. विजेने चुंबक हलतं, तर चुंबक हलवून वीज का मिळू नये? तारेच्या वेटोळ्यात त्याने चुंबक आत-बाहेर केलं आणि वीज वाहिली. चुंबक नुसतं आत ठेवलं की काही नाही, हलवलं तरच. त्याने पाहिलेलं मग एका गणिती माणसाने समीकरणांत मांडलं. त्यातून विजेच्या आणि चुंबकाच्या लाटांचा वेग निघाला, आणि तो जवळजवळ प्रकाशाच्याच वेगाएवढा! म्हणजे खिडकीतून येणारं ऊनही आमच्याच नात्यातलं. इथे आल्यावर बाई नेहमी जरा थांबत आणि खिडकीकडे बघत. मलाही तेव्हा फार बरं वाटे.

आता आमच्या काकांविषयी. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या काकांना सगळे टापटीपकाका म्हणत. बाटल्या उंचीप्रमाणे, तारा लांबीप्रमाणे, फडकीसुद्धा घडीवर घडी. एका वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी त्यांनी सगळं कपाट उपसलं आणि सामान जातवार लावलं. काचेचं काचेत, लाकडाचं लाकडात. मग मला हातात घेऊन म्हणाले, "तू चुंबकांतली. चल, तुझ्या माणसांत तुला ठेवतो." आणि दोन दणकट चुंबकपट्ट्यांच्या मध्ये त्यांनी मला सारून दिलं. काकांचा हेतू अगदी प्रेमाचा होता. सुट्टीचे वीस दिवस मी तिथे दाटीवाटीने काढले. अंग जड झालं होतं, कसंतरीच वाटत होतं, पण पाहुण्यांच्या घरी तसं होतंच, म्हणून मी सोडून दिलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी काकांनी मला टेबलावर मांडलं. मी हेलकावे घेऊन स्थिर झाले, तर माझं लाल टोक दाराकडे! टेबलंच फिरवली असतील, असं मी स्वतःला समजावलं. मित्रांनो, इथे माझं चुकलं. टेबलं जागच्या जागी होती. त्या दणकट पट्ट्यांनी माझ्या दोन्ही टोकांची अदलाबदल करून टाकली होती, आणि मला पत्ताही नव्हता.

विद्युतघट नीट चालणारे थोडेच होते, म्हणून अकरा जणांच्या गटाला एकच प्रयोग आळीपाळीने दिला होता. तार माझ्या डोक्यावरून, माझ्याच रेषेत न्यायची, वीज लाल टोकाच्या दिशेने सोडायची आणि लाल टोक कुठे वळतं ते लिहायचं. पुस्तकात उत्तर होतं, डावीकडे. दहा मुलं आली, कळ दाबली, लिहिलं आणि मागच्या बाकांवर जाऊन बसली. अकरावी एका मोटार-वाइंडरची मुलगी होती. पंपांच्या आणि पंख्यांच्या जळलेल्या मोटारींत तिचे वडील नवी तार भरत, आणि शाळा सुटल्यावर ती त्यांच्याशेजारी बसून वेढे मोजत असे. तिला पुढे हाच विषय शिकायचा होता. प्रात्यक्षिकात नापास झाली तर वर्ष वाया जाणार आणि मग कायमचं दुकानात बसावं लागणार, हे घरात ठरलेलं होतं.

तिने कळ दाबली. मी उजवीकडे वळले. तिने तारा सोडल्या, घटाची टोकं तपासली, पुन्हा जोडल्या. मी पुन्हा उजवीकडे. असं चारदा झालं. शेवटी तिने लिहिलं, 'उजवीकडे'.

बाहेरून आलेले परीक्षक कागद बघता बघता थबकले आणि त्या शब्दाखाली त्यांनी लाल रेघ ओढली. "हे काय? पुस्तकात काय दिलंय?"

"डावीकडे, सर."

"मग?"

"पण वळली उजवीकडे. चार वेळा बघितलं मी."

"दहा जणांची डावीकडे वळते आणि तुझ्या एकटीची उजवीकडे? सुईचं तुझ्याशी काही भांडण आहे का?" मुलं हसली. परीक्षक माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे बघ, खोडून नीट लिही. पाच मिनिटं देतो. उगाच वर्ष कशाला घालवतेस?"

तिने पेन उचललं. खोड गं, खोड, असं माझं एक मन म्हणे. दुसरं म्हणे, खोडू नकोस, मी खरंच उजवीकडे वळले. मला ओरडून सांगायचं होतं आणि मला तोंड नव्हतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती आणि इतकी असहाय मी कधी झाले नव्हते.

तिने पेन खाली ठेवलं. "सर, आमचे बाबा म्हणतात, मोटार उलटी फिरली तर मोटारीला शिव्या द्यायच्या नाहीत. कुठलं टोक कुठे गेलंय ते आधी बघायचं." मग तिने सगळ्या तारा बाजूला केल्या आणि मला एकटीला टेबलाच्या मधोमध ठेवलं. मी स्थिर झाले. ती माझ्या लाल टोकाच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. खिडकीतून सकाळचं कोवळं ऊन तिच्या डाव्या गालावर पडलं होतं. तिने गालाला हात लावून पाहिला आणि ती हळूच म्हणाली, "सर, या सुईच्या हिशोबाने आज सूर्य पश्चिमेला उगवलाय."

कुणी हसलं नाही. परीक्षक उठले, तिच्या शेजारी त्याच दिशेला तोंड करून उभे राहिले, आणि ऊन त्यांच्याही डाव्या गालावर पडलं.

काका दारात होते. त्यांच्या लगेच लक्षात आलं. "साहेब, पोरीची चूक नाही. मीच ही सुई चुंबकपट्ट्यांमध्ये ठेवली होती. एका जातीचं एका जागी, म्हणून..."

परीक्षकांनी दहा कागद एकेक करून पाहिले. सगळ्यांवर 'डावीकडे'. "काय रे, ही सुई तर उलटी आहे. मग तुमची डावीकडे कशी वळली?" मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आणि मी तरी कुठे बघितलं? तुमच्यावर काय रागावू?" दहा जणांनी प्रयोग पुन्हा केला. त्या मुलीने करावा असं त्यांनी सांगितलं नाही. तिच्या कागदावर त्यांनी आधी काढलेली लाल रेघ स्वतःच्या हाताने खोडली आणि खाली सही केली.

दुपारी काकांनी चुंबक घेऊन मला पुन्हा सरळ केलं, त्या घड्याळजीने केलं होतं तसंच. मला वेगळी लाकडी पेटी मिळाली. तिच्यावर काकांनी ठळक अक्षरांत चिठ्ठी डकवली, 'चुंबकांपासून लांब ठेवणे'. ती मुलगी पुढे शिकली. शाळा सोडून जाताना काकांना खाली वाकून नमस्कार करून गेली, आणि माझ्या काचेवरची धूळ बोटाने पुसून गेली.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. काका निवृत्त झाले. बाई आता येत नाहीत. टेबलांवर आकडे दाखवणारी नवी यंत्रं आली आणि दिशा तर तुमच्या खिशातल्या फोनमध्येच आहे. त्याचा मला राग नाही, तीही आमच्याच घराण्यातली पोरं. पण माझ्या पेटीवरची चिठ्ठी कधीच गळून पडली. गेल्या महिन्यात कोणीतरी कपाट आवरलं आणि हौसेने मला पुन्हा चुंबकपट्ट्यांच्या कप्प्यात ठेवलं. अंग पुन्हा जड वाटतं आहे. मी सध्या सरळ आहे की उलटी, हे मला खरंच ठाऊक नाही.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मला इथून काढा आणि वेगळी ठेवा. ज्या दिवशी टेबलावर मांडाल, त्या दिवशी माझ्या लाल रंगावर भरवसा ठेवू नका. सकाळी या, खिडकी उघडा आणि ऊन कुठल्या गालावर पडतं ते आधी बघा. मग कळ दाबा आणि मी जिकडे वळेन, तेच लिहा.