गाडीत काही दोष नाही

"गाडीत काही दोष नाही" हे वाक्य मेस्त्रीच्या तोंडून दोनदा गेलं होतं. आता यात वाईट काय, असं कुणीही विचारेल. अहो, डॉक्टरनं तब्येत ठणठणीत आहे म्हटलं तर माणूस खूश होतो! पण त्या एका घरात गाडी ठणठणीत निघाली, म्हणजे म्हातारा बिघडलाय असा अर्थ काढला गेला. आणि वर "मेस्त्रीच म्हणाले" असा शिक्का मारून तो चारचौघांत फिरवलाही गेला.

म्हातारा म्हणजे मोजणीकाका. सरकारी नोकरीत उभं आयुष्य जमिनी मोजण्यात गेलं, म्हणून गॅरेजमध्ये त्यांना हे नाव पडलं. माणूस इतका काटेकोर की दारात गाडी लावतानासुद्धा दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडायचे. गल्ल्यावर बसणारी मेस्त्रीची थोरली बहीण, ताई, त्यांना चिडवायची, "काका, साखळी टाकून मोजू का?" त्यावर काका मान तिरकी करून म्हणायचे, "नको, त्या अंगाला बोटभर जास्त झालंय. दिसतंय मला."

बायको गेल्यावर काकांचं घराबाहेरचं जग म्हणजे ती गाडी आणि नात. नातीला पोहायच्या तलावावर न्यायचं, काठावर टॉवेल घेऊन बसायचं, ओल्या केसांची पोर मागच्या सीटवर बसवून परत आणायचं. आणि नेमकी हीच गाडी गेल्या काही महिन्यांपासून चालता चालता बंद पडायला लागली. धूर नाही, खडखड नाही, समोर एक दिवा लागेल तर शपथ. बंद पडायची, काका किल्ली फिरवायचे, की शहाण्या बाळासारखी पुन्हा सुरू. त्यातही पंचाईत अशी की बंद पडायची ती फक्त काकांच्या हातात. मुलानं चालवली, काही नाही. सुनेनं चालवली, काही नाही.

मेस्त्रीनं काही कसर ठेवली नव्हती. पहिल्यांदा गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, कोरा. बिघाडाचा कोडच नाही तर धरायचं काय? मग जुन्या पद्धतीनं पेट्रोलचा पंप बघितला, प्लग काढले, एकेक वायर इंजिन चालू असताना हलवून पाहिली, बॅटरीची टोकं घासली. गाडी बाहेर काढून पाइपलाइनसाठी खणून कसाबसा बुजवलेल्या त्या भिकार रस्त्यावरून आपटत नेली, कारण काका म्हणाले होते की बहुतेक वेळा तिथेच बंद पडते. गाडीनं हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. मेस्त्री कपाळ पुसत म्हणाला, "काका, गाडीत काही दोष नाही." काकांनी नुसतं "बरं" म्हटलं. त्या "बरं"मध्ये काय होतं ते तेव्हा मेस्त्रीला कळलं नाही. कळायला हवं होतं खरं तर.

त्यानंतर चौकातलं प्रकरण झालं. सिग्नल सुटला, काकांनी गाडी पुढे घेतली, खड्ड्यात चाक आपटलं आणि भर चौकात गाडी मेली. मागे मालाचा ट्रक. त्या ट्रकवाल्यानं ब्रेकवर उभं राहून ट्रक थांबवला, म्हणून. नाहीतर मागच्या सीटवर पोर होती. कुणाला खरचटलंही नाही, पण त्या दिवसापासून सुनेनं पोरीला काकांबरोबर पाठवणं बंद केलं. तिला तरी बोल कसा लावायचा? आईचं काळीज आहे, बाबा.

तिसऱ्या खेपेला गाडी आली ती मुलगा चालवत. काका शेजारच्या सीटवरून उतरले. इतक्या वर्षांत मेस्त्रीनं त्यांना त्या बाजूनं उतरताना कधी पाहिलं नव्हतं. दार लावायचंही विसरले आणि मग आपण विसरलो हे लक्षात येऊन घाबरल्यासारखे परत वळले.

"विकतोय," मुलगा म्हणाला. "उद्या बघायला येणार आहेत. एकदा तेल-पाणी बघून द्या. सगळं नीट आहे असं तुम्ही सांगितलंत की त्यांनाही बरं."

"सगळं नीट आहे" ऐकून मेस्त्री बॉनेट उघडायला वळला. मुलानं त्याला जरा बाजूला घेतलं. रात्ररात्र झोप नसलेल्या माणसाचे डोळे होते. "पुढच्या आठवड्यात बाबांना डॉक्टरांकडे नेतोय. मेंदूच्या. मध्ये एकदा घरात गॅसही चालूच राहिला होता, तोही त्यांनीच ठेवला असणार. मला काय हौस आहे का हो? पण माझी मुलगी होती गाडीत. तुम्हीच सांगा, काय करू मी?"

मेस्त्री काकांकडे गेला. काका बाकावर बसले होते, हात मांडीवर, फोटो काढायला बसावं तसे.

"काका, विकताय म्हणे?"

"तो विकतोय. बरोबर आहे त्याचं." मग आवाज उतरवून काका म्हणाले, "मेस्त्री, तुम्हाला दोनदा उगाच राबवलं. चौकात गाडी मीच बंद केली. हात स्टिअरिंगवरून काढला, किल्लीला लावला आणि मागे फिरवली. आठवतंय मला. का फिरवली ते नाही आठवत."

"पण तुम्ही तर म्हणाला होतात, आपोआप बंद पडली."

"तेव्हा आठवत नव्हतं. मग आठवलं." काकांनी सुनेची माफीही मागितली होती म्हणे, हात जोडून.

मेस्त्रीला वाटलं, संपलं. गाडीत दोष असता तर तो शोधता आला असता, पण माणूसच कबूल झाल्यावर शोधायचं काय राहिलं? तरी त्याचं मन घेईना. जो माणूस बोटभर फरक नजरेनं सांगतो, तो चालत्या गाडीची किल्ली मागे फिरवेल?

तेवढ्यात गल्ल्यावरून ताईचा आवाज आला. "गाडीची किल्ली इकडे द्या आणि बाकी जे असेल ते घरी न्या!"

हा ताईचा कायदा. वडिलांच्या काळात एका गिऱ्हाइकाकडे चोरी झाली, आणि त्याच दिवशी त्याच्या घराची किल्ली गाडीच्या किल्लीबरोबर गॅरेजच्या खिळ्याला लटकत होती. चोर दुसराच निघाला, पण तोवर वडिलांना पोलिसांनी बसवून ठेवलं होतं आणि गावानं जे बोलायचं ते बोलून घेतलं होतं. तेव्हापासून ताई जुडग्यातून गाडीची किल्ली तेवढी स्वतः काढून घ्यायची आणि बाकीच्या किल्ल्या गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायची. राजा आला तरी हेच. मुलानं आपली किल्ली तिच्यासमोर ठेवली. सुटी, एकटी, नवी कोरी.

"ही दुसरी किल्ली झाली," ताई म्हणाली. "विकायची तर दोन्ही लागतील. काका, तुमची?"

काकांनी खिशात हात घातला आणि जुडगा काढला. बापरे, जुडगा कसला, गाठोडंच ते! कपाटाच्या किल्ल्या, ट्रंकेच्या, शिवणयंत्राच्या पेटीची, एक पितळी कुलूपसुद्धा. सगळं काकूंचं. काकू गेल्यावर त्यांच्या उशाखाली जे सापडलं ते काकांनी गाडीच्या किल्लीतच ओवून टाकलं होतं. आता ते त्या कडीशी झटत होते, पण नख आत जाईना. आधीच्या दोन्ही वेळा गाडीची किल्ली ताईनंच सोडवून घेतली होती की.

"आणा, मी काढतो," म्हणून मेस्त्रीनं हात पुढे केला. जुडगा तळहातावर पडला आणि हात खाली गेला. हात खाली गेला तसा मेस्त्री जागच्या जागी उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "मी जेव्हा ही गाडी चालवून पाहिली, तेव्हा किल्ली कशी होती?"

"कशी म्हणजे? एकटी. मी काढूनच देते तुला. आज विचारतोयस?"

मेस्त्री काकांकडे वळून म्हणाला, "बसा गाडीत. तुम्हीपण बसा, मागे." मुलानं तोंड उघडलं, पण मेस्त्रीचा चेहरा बघून गुपचूप मागे जाऊन बसला.

मेस्त्रीनं तो अख्खा जुडगा तसाच लावला आणि गाडी त्या खणलेल्या रस्त्याकडे घेतली. रस्त्यावर फारसं कुणी नव्हतं. पहिला खड्डा, काही नाही. दुसरा, तिसरा, काही नाही. देवा, एवढ्या वेळेला तरी खोटं पाडू नकोस, असं तो मनात म्हणत होता, आणि चाक एका उंचवट्यावरून धप्पकन उतरलं. जुडगा उसळला, खाली आपटला, किल्लीला ओढ बसली आणि इंजिन गप्प झालं. स्टिअरिंग जड पडलं. मेस्त्रीनं गाडी तशीच घरंगळवत कडेला घेतली.

मेस्त्रीनं किल्ली फिरवली, गाडी सुरू. मागे घेतली, पुन्हा त्याच उंचवट्यावरून नेली, पुन्हा बंद. मग जुडगा काढून नुसती किल्ली लावली आणि त्याच जागेवरून इतक्यांदा नेली की मुलगाच मागून म्हणाला, "पुरे."

"किल्लीच्या आतला स्विच झिजलाय," मेस्त्री म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटत होता. "वजनानं किल्ली आपोआप मागे फिरते. आणि गाडीच्या कॉम्प्युटरला काय कळणार? किल्ली फिरली, म्हणजे चालवणाऱ्यानंच बंद केली. त्याच्या लेखी हा बिघाडच नाही. म्हणून कोड नाही. तुमच्या सुट्या किल्लीनं हा प्रकार कधी होणार नव्हता आणि माझ्याही नाही. काका, मी दोनदा चुकीचं बोललो. गाडीत दोष होता. मी माझ्या तोंडानं तुमच्यावर ढकलला."

आता काका हसतील, निदान सुटल्यासारखा सुस्कारा तरी टाकतील, असं त्याला वाटलं होतं. मुलालाही तेच वाटलं असणार, कारण त्यानं पुढे वाकून वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, ऐकलंत ना? तुम्ही नाही बंद केलीत."

काका समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होते. "पण मला आठवतंय," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही नाही केलीत. आत्ता बघितलंत की डोळ्यांनी."

"बघितलं. ते खरं आहे." मोजणीचा आकडा पुन्हा पडताळावा तसे काका शांतपणे बोलत होते. "पण हात लावलेला आठवतोय. किल्ली गार होती, तेही आठवतंय. मी नाही केलं, तर मग हे मला आठवतंय ते कुणाचं?"

मुलाचा हात खांद्यावरच राहिला. मेस्त्रीला आरशात त्याचा चेहरा दिसला आणि त्यानं पटकन नजर काढून घेतली. शेजारून एक सायकल गेली.

"माझं," मुलगा म्हणाला. "मी म्हणालो होतो तसं. त्या दिवशी घरी आल्यावर. 'बाबा, तुम्हीच किल्ली फिरवली असणार, तुम्हाला आठवत नाहीये एवढंच.' रोज म्हणत होतो. जेवतानासुद्धा म्हणालो. आठवून बघा, आठवून बघा, असं म्हणत राहिलो." मोठा बाप्या माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला.

काकांनी हात मागे नेऊन त्याच्या हातावर थोपटलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मेस्त्रीला वाटून गेलं. बापाला आपल्या लेकराची समजूतच काढायची होती. ते थोपटत राहिले, मग थोपटता थोपटता त्यांचा हात थांबला.

"आणि त्या दिवशीचा गॅस?" काकांनी विचारलं. "तो तरी मीच चालू ठेवला होता ना?"

मुलानं डोळे पुसले. खोटं बोलायची ही वेळ नाही, हे त्याला कळत होतं, आणि खरं काय ते त्याच्यापाशी नव्हतं.

"आता मलाही नाही सांगता येत, बाबा," तो म्हणाला.