पाचव्या खणातला आवाज

मी एक जुना लूपर आहे. मित्रांनो, नाव ऐकून गोंधळू नका. विटेएवढा लोखंडी डबा, आत आवाज साठवायचे पाच खण आणि पायाने दाबायचं एक बटण, एवढाच माझा संसार. एकदा दाबलं की कानावर पडेल ते मी टिपून घेतो. पुन्हा दाबलं की तेच गोल गोल वाजवत राहतो. लागोपाठ दोनदा दाबलं की गप्प.

माझी मालकीण कार्यक्रमात यंत्रांवर संगीत वाजवायची. एका धुनेतून दुसरीत जाताना तिला बरीच बटणं फिरवावी लागत. तेवढा वेळ मी आधीच्या धुनेचा शेवटचा तुकडा वाजवत राहायचो आणि नवी धून त्यात अलगद मिसळायची. जोड कुणाला कळायचा नाही. टाळ्या तिला. माझं काम चोख झालं की मी कुणाच्या लक्षातही यायचो नाही.

घरी ती अनवाणी सराव करायची, कारण घरात चपला-बूट तिच्या आईला खपत नसत. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "अगं, एकच तुकडा किती वेळा वाजवशील? डोकं उठलं माझं!" मालकीण ते मनाला लावून घ्यायची. आईला आपलं वाजवणं मुळीच आवडत नाही, अशी तिची खात्री होती.

मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी ती माझा पाचवा खण तपासत होती. टिपण्यासाठी बटण दाबलेलं होतं, माइक सुरू होता. तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला आणि ती गॅलरीत धावली. मागोमाग आई खोलीत आली. तिचा आवाज मी टिपला. मालकिणीने परत येऊन घाईघाईने लागोपाठ दोनदा बटण दाबलं आणि काही न ऐकताच मला पिशवीत कोंबलं.

त्या कार्यक्रमात तिच्या पायात जाड तळव्यांचे नवे बूट होते. बटण दाबलं गेलेलं तिला जाणवलंच नाही, म्हणून तिने ते पुन्हा दाबलं. मी गप्प झालो. भरलेल्या सभागृहात सहा सेकंद शांतता! चूक बुटांची, खापर माझ्यावर.

लॅपटॉप आला आणि मी कपाटात गेलो. शेजारी एक बिघडलेली इस्त्री. तिच्याशी काय बोलणार? मला फार एकटं वाटायचं. सांगण्यासारखं माझ्यापाशी होतं, पण कुणी दाबल्याशिवाय मला तोंड नाही. एकदा घरात खूप माणसं आली, रडली आणि गेली. त्यानंतर आईचं ओरडणं कधीच ऐकू आलं नाही.

परवा मालकिणीने मला एका विद्यार्थिनीला द्यायला काढलं.

"ताई, आत जुनं काहीतरी आहे. पुसू का?"

"पूस सगळं. कामाचं काही नसेल."

पुसायला बटण दाबून धरावं लागतं. चार खण रिकामे झाले. पाचव्याला मुलीचं बोट जरा लवकर उचललं गेलं आणि मी वाजू लागलो.

आई मालकिणीची तीच सरावाची धून गुणगुणत होती. थोडी बेसूर, पण पूर्ण. मग हसून म्हणाली, "जमतंय की मला! किती गोड आहे. पण तिला सांगायला नको, डोक्यावर बसेल."

मालकीण माझ्यापाशी येऊन खाली बसली.

"बंद करू, ताई?"

"नको गं. वाजू दे."

मित्रांनो, पुसण्याआधी एकदा ऐकत जा, एवढंच मागणं आहे. त्या दुपारी मी तो एकच तुकडा किती वेळा वाजवला कोण जाणे. डोकं उठलं, असं कुणीच म्हणालं नाही.