नाव आहे, जागा नाही

मित्रांनो, मोताळ्याच्या एका कॉलेजातला सात नंबरचा कॉम्प्युटर बोलतोय. आता म्हातारा झालोय, पंखा घरघरतो. आलो तेव्हा नारळ फोडून माझी पूजा झाली होती. त्यानंतर नशिबी थपडाच आल्या, कारण मी खरं तेच सांगतो.

प्रोग्राम लिहायच्या सी भाषेत ‘इंट ओल;’ लिहिलं, की मी सोयाबीनची ओल ठेवायला जागा करतो. हे झालं डिफाइन करणं. ‘एक्स्टर्न इंट ओल;’ लिहिलं, की मी फक्त नाव ऐकून घेतो; जागा दुसरीकडे कुणी केली असेल असं समजतो. हे नुसतं डिक्लेअर करणं. मग ती जागा कुठंच सापडली नाही, तर मी चूक दाखवतो. इथली पोरं मात्र वर्षानुवर्षं जुन्या वह्या उतरवतात, आणि त्यांत नुसतं नावच असतं. मी चूक दाखवली की रंगराव सर मला चापट मारतात, “हे डबडं पुन्हा बिघडलं बे!”

फक्त देऊळघाटच्या धम्मशीलाने विचारलं, “सर, हे डिक्लेअर झालं. पण डिफाइन कुठं केलं?”

“तुले काय करायचं? वहीत हाय तेच लिही.”

यंदा कॉलेजची तपासणी झाली. कागदावर तीस कॉम्प्युटर, खोलीत आम्ही अकरा. सरांनी रिकाम्या टेबलांवर नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि “बाकीचे दुरुस्तीले गेले” म्हणून सांगितलं. तपासणीवाले चहा पिऊन गेले. बोलाचीच कढी, बोलाचाच भात!

प्रॅक्टिकल परीक्षेला बसायचे नंबरही त्याच तीसच्या यादीवरून वाटले. धम्मशीलाला एकोणीस आला. मागच्या वर्षी ती याच विषयात नापास झाली होती. एवढा निघाला की डिप्लोमा हातात.

“सर, एकोणीसवर कॉम्प्युटरच नाही.”

“नंबर हाय ना? मंग बस तिथं. कोणाचं झालं की त्याच्यावर कर.”

पोरगी दोन तास रिकाम्या टेबलापुढे बसली. माझ्यापुढे बसलेला ज्ञानेश्वर उठल्यावर शेवटची वीस मिनिटं तिला मी मिळालो. तिने ओलीला नावही दिलं आणि जागाही केली. प्रोग्राम पहिल्याच फटक्यात चालला! इतक्या वर्षांत मी एवढा खूश कधी झालो नव्हतो.

बाहेरगावचे परीक्षक यादी घेऊन फिरले. एकोणीसपाशी थांबले.

“मी सातवर केला, सर,” ती म्हणाली.

परीक्षकांनी रंगराव सरांकडे पाहिलं. खरं सांगितलं तर चिठ्ठ्यांचं बिंग फुटलं असतं.

“सातवर ज्ञानेश्वर होता,” सर म्हणाले.

परीक्षकांनी लिहिलं, ‘एकोणीस: प्रोग्राम सापडला नाही. शून्य.’

तिचा प्रोग्राम माझ्या पडद्यावर चालूच होता. कुणी वळूनही पाहिलं नाही. मला संताप आला, पण मला प्रोग्रामातली चूक दाखवता येते. माणसाची दाखवता येत नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, माझी पूजाही करू नका. फक्त यादीत कुणाचं नाव घालाल, तर आधी त्याला बसायला जागा करा. धम्मशीलाने पुन्हा फॉर्म भरलाय, आणि रंगराव सर अजून मलाच चापट मारतात.