ब्राइडआत्याचं घर ओढलं तो दिवस

सरकारी पैसे घेऊन गाव उठवायचं आणि दुसरीकडे जायचं की नाही, यावर सरकारनं मतदान घेतलं त्याला सात वर्षं झाली. उठवायला चार मतं कमी पडली आणि गाव राहिलं. पण न्यूफाउंडलंडच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या आम्हा त्रेचाळीस माणसांत बोलणं राहिलं नाही. 'जाऊ या' म्हणणारे चर्चमध्ये डावीकडे बसत, आम्ही उजवीकडे. माझा सख्खा भाऊ लिअँडर डावीकडे.

यंदाच्या ऑक्टोबरात वादळानं ब्राइडआत्याच्या घराखालचा कडा खाल्ला. लाकडी घराचा एक कोपरा समुद्रावर अधांतरी राहिला. ब्याऐंशी वर्षांची आत्या काठी टेकत दारोदार गेली.

"लॉरेटा, शनिवारी घर वर ओढायचंय. दोर धरायला ये."

"लिअँडर येणार असेल तर मी नाही, आत्या."

"दोर धर म्हणतेय मी. त्याचा हात धर म्हटलं का?"

शनिवारी सगळे आले. घराखाली ओंडके सरकवले, दोन जाड दोर बांधले. कुणी न सांगताच डावीकडचे एका दोराला लागले, आम्ही दुसऱ्याला. आधी त्यांनी हिसका दिला, मग आम्ही. घर तिरकं झालं, करकरलं. आत्या काही केल्या बाहेर यायला तयार नव्हती. खिडकीतून ओरडली, "मेल्यांनो, समुद्रातच ढकलायचं असेल तर आधी सांगा, टोपी तरी घालते!"

पलीकडच्या दोरावर कुणीतरी फिस्सकन हसलं. इकडेही हसू फुटलं.

मग लिअँडर दोर सोडून मध्ये येऊन उभा राहिला. बोटी ओढताना आमचे बाबा घालत ती हाळी त्यानं घातली. लांब 'हो'वर श्वास घ्यायचा, 'है'ला ओढायचं. आवाज हुबेहूब बाबांचा. मी दोर घट्ट धरला.

"हो... है!"

दोराच्या टोकाशी मला काहीतरी जिवंत जाणवलं. घर उठल्यासारखं झालं आणि निघालं. चुलीचा धूर तसाच वर जात होता, खिडकीतले पडदे डुलत होते, आणि अख्खं दुमजली घर आमच्या मागून चढ चढत होतं. वळून बघायला कुणाला सवड नव्हती, तरी सगळे वळून बघत होते. इतकं बळ आमच्यात होतं? सात वर्षं ते कुठे होतं?

दुपारी घर चर्चमागच्या सपाटीवर टेकलं. सगळे टोप्या काढून नुसते बघत राहिले.

लिअँडर माझ्याजवळ आला. "हात बघू."

दोरानं तळवे सोलले होते. त्यानं रुमाल फाडून बांधला, गाठ नेहमीसारखी फार घट्ट.

"दुखतंय रे," मी म्हणाले.

"दुखू दे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.